उजेडाचं गिऱ्हाईक

प्रत्येक गावात असा एक तरी असतोच. पेशाने बहुधा शिक्षक, गळ्यात कॅमेरा, खिशात लेन्स पुसायचं फडकं. गाव त्यांना ‘फोटोवाले गुरुजी’ म्हणतं आणि खरोखरच फोटो हवा असला की मोबाइलवाल्या पोराला हाक मारतं. कारण गुरुजी माणसांचे फोटो काढतच नाहीत. ते उजेडाचे काढतात. माणसं मध्ये आलेली असतात.

चामोर्शीचे आमचे गुरुजी लग्नघरी शिरले की आधी स्वयंपाकघरातली परात ताब्यात घेतात. ती भाच्याच्या हाती देऊन नवरीच्या गालावर ऊन पाडायचं. ते हमखास तिच्या डोळ्यांत जातं. तोवर गुरुजींचं व्याख्यान सुरू : ‘‘कॅमेऱ्याला अक्कल नसते. त्याच्या मीटरला सगळं जग राखाडी हवं असतं. पांढरं धोतर दाखवा, तो मळवून ठेवतो. काळी म्हैस दाखवा, धुऊन काढतो. म्हणून धोतराला एक्स्पोजर वाढवायचं, म्हशीला कमी करायचं.’’ शास्त्र सोळा आणे खरं. फक्त ‘म्हशीला’ म्हणताना त्यांनी नवरदेवाच्या सावळ्या मामाजींकडे बोट करायला नको होतं. मामाजी जेवणाच्या पंगतीपर्यंत फुगून होते.

मार्कंड्याच्या देवळात मात्र गुरुजींना मानावंच लागतं. भर दुपारी सपाट दिसणाऱ्या त्या शिल्पांवर सकाळचं तिरपं ऊन सरकू लागलं की कंबरपट्ट्याचा मणी न् मणी सुटा होतो. गुरुजी त्या घटकेसाठी अंधारातच घर सोडतात. (सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असलं की त्यांना उठवत नाही, ही गोष्ट वेगळी.)

महाशिवरात्रीच्या जत्रेत तर कहर झाला. समितीला बॅनरसाठी गर्दीचा फोटो हवा होता. गुरुजींनी वेल्डिंगवाल्याकडून काळी काच मागून आणली, रबराने लेन्सवर बसवली, कॅमेरा तिपाईवर चढवला आणि भर उन्हात शटर दीड-दोन मिनिटं उघडं ठेवलं.

‘‘का करून राह्यले जी?’’ फुगेवाल्याने विचारलं.

‘‘हलू नको!’’ गुरुजी ओरडले. तो घाबरून पळाला. म्हणजे फोटोतूनही गेला.

इतक्या लांब एक्स्पोजरमध्ये चालता माणूस उरतच नाही. १८३८ साली पॅरिसात दागेरने वाहत्या रस्त्याचा फोटो घेतला, त्यातली सगळी वर्दळ अशीच नाहीशी झाली. ओळखू येण्याजोगा उरला तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस. गुरुजींनी हा दाखला समितीला ऐकवला. समितीने फोटो पाहिला : काचेमुळे हिरवंगार पडलेलं देऊळ, दर्शनाच्या रांगेच्या जागी पुसटसा धूर, आणि ओट्याला टेकून झोपलेला एक म्हातारा, मिशीच्या केसापर्यंत ठसठशीत.

बॅनरवर शेवटी मोबाइलचाच फोटो गेला. म्हाताऱ्याचा नातू मात्र गुरुजींकडे येऊन एक प्रत मोठी करून घेऊन गेला. जाताना म्हणाला, ‘‘बुवा सांगत होते, जत्रेत लई गर्दी होती म्हणून. आता घरचे म्हणतात, खोटं बोलून राह्यले.’’