अर्णवचे बाबा

अर्णवच्या बाबांना स्वतःचं नाव असणारच. दारावरच्या पाटीवर ते आहेही. पण ती पाटी वाचायला जावं तर आधी कॅमेरा, मग साखळीचा खडखडाट, मग "कोण?" आणि शेवटी फटीतून एक डोळा, एवढं सगळं होईतो पाटी वाचायची राहून जाते. सोसायटीत, शाळेच्या फाटकावर, वाढदिवसांच्या गोंगाटात ते अर्णवचे बाबा. असा एक बाबा हल्ली दर इमारतीत असतो. नसेल तर सभेत ठराव करून नेमतात की काय, कोण जाणे.

मूल रांगायला लागायच्या आतच त्यांनी घर बंदोबस्तात आणलं होतं. टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, प्लगच्या भोकांना झाकणं आणि स्वयंपाकघरातल्या प्रत्येक ड्रॉवरला एक खास कुलूप. ते एका बोटाने आत दाबायचं, दुसऱ्याने वर उचलायचं आणि त्याच क्षणी ओढायचं. अर्णवच्या आजींना हे तीन क्षण काही एकत्र सापडेनात. तव्यावर घावन करपतंय आणि आजी ड्रॉवरशी झटतायत, असं दृश्य रोजचंच झालं. शेवटी त्या हाक मारायच्या, "अर्णव, उलथणं काढून दे रे!" आणि अडीच वर्षांचा अर्णव दुडुदुडु येऊन एका झटक्यात उलथणं काढून द्यायचा. मुलांपासून संरक्षणासाठी बसवलेली ती सगळी कुलपं उघडता येणारी घरातली एकमेव व्यक्ती म्हणजे अर्णव.

बाबांना हसून मोकळं व्हावं तर तेही जमत नाही, कारण पुष्कळदा त्यांचं बरोबर असतं. तिसऱ्या मजल्यावर बाळ झालं आणि पणजीबाईंनी मधाचं बोट पुढे केलं, तेव्हा पेढे घ्यायला आलेले हे गृहस्थ पेढा तोंडात असतानाच ओरडले, "मध नको! वर्षाच्या आत मध नको!" पणजीबाईंनी आपली सहा मुलं आणि तेरा नातवंडं मोजून दाखवली. बाबांनी मधात असू शकणारे जंतू, तान्ह्या आतड्यांत त्यांचं होणारं विष आणि त्याने लुळं पडणारं बाळ, असं सगळं मोजून दाखवलं. बालरोगतज्ज्ञांनाही विचारलं, तर ते हेच सांगतात. पण ते दाराशी उभं राहून, पेढा चघळत सांगत नाहीत.

रिमोटमधल्या बटणाएवढ्या चपट्या सेलचंही तसंच. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजल्यासारखी जखम होऊ शकते. 'शी'तून पडेल म्हणून वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. हे आमच्या इमारतीतल्या लहान पोरांनाही पाठ आहे, ते अर्णवच्या बाबांमुळेच. त्यांच्या स्वतःच्या रिमोटला इतकी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, की तो क्रिकेटचा चेंडू वाटतो. आवाज वाढवायचा असला की उठून टीव्हीपाशी जातात.

अर्णव पहिलीत गेला आणि बाबांना खरं कार्यक्षेत्र सापडलं. शालेय दप्तर धोरण २०२० सालचं. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको, असं त्यात आहे. बाबांनी विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा आणला. दुसरीतल्या अर्णवचं वजन बावीस किलो, म्हणजे दप्तर दोन किलो दोनशेच्या आत हवं. भरलं चार किलो शंभर. बाबा ते दप्तर तसंच घेऊन पालकसभेला गेले आणि काट्याला टांगून सर्वांसमक्ष उंच धरलं. बाईंनी शांतपणे ते खाली घेतलं, टेबलावर उपडं केलं. दोन वह्या, दोन पुस्तकं, कंपास, डबा. मग दुसरी पाण्याची बाटली, पहिली सांडली तर. रेनकोट, फेब्रुवारीत. शिटी, विजेरी, बँडेजचा डबा, डासांचं मलम, हात निर्जंतुक करायची बाटली, ज्यादा चड्डी आणि नाव-पत्ता-रक्तगट लिहिलेली लॅमिनेट केलेली तीन कार्डं. एक हरवलं तर दुसरं, आणि तिसरं कशाला हे बाईंनीही विचारलं नाही. वह्यापुस्तकं वेगळी तोलली. दीड किलो.

"म्हणजे शाळेचा भाग नियमात आहे," बाबा म्हणाले आणि काटा घडी करून पिशवीत टाकला. हरलेला मुद्दा निकालात निघाल्यासारखा मांडायची त्यांची हातोटी खरोखर वाखाणण्यासारखी आहे.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, हा राज्य सरकारचा निर्णय २०२४ साली आला, तेव्हा मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून त्याची प्रत घेऊन शाळेत सर्वांत आधी कोण पोचलं, हे सांगायला नको. वेळ बदलली. मोठ्यांची शाळा सातची, धाकट्यांची नवाची झाली, व्हॅनवाल्या काकांच्या फेऱ्या दुप्पट झाल्या आणि महिन्याचे पैसे वाढले. बाबांची साडेआठची लोकल आणि अर्णवची व्हॅन यांची आता रोज चुकामूक होते. अर्णव मात्र अजूनही सहालाच उठतो. झोप पुरी होते ती फक्त त्याच्या आजोबांची.

त्यांच्या काळजीत अंतराचं गणित उलटं आहे. धोका जितका लांबचा तितका त्यांना जवळ भासतो. मुलं पळवणारी टोळी परराज्यातून निघाल्याचा संदेश आला, की तो पंधरा मिनिटांत आमच्या सगळ्यांच्या फोनवर असतो, वर 'काळजी घ्या' आणि हात जोडलेली दोन चित्रं. बाकी कशालाही मी हसतो, याला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, पोटासाठी फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने अशाच एका अफवेपायी ठेचून मारलं. मी हे बाबांना एकदा जिन्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "पण आपण सावध राहिलेलं बरं ना!"

तेच बाबा घरी पाहुणा आला की अर्णवला पुढे ढकलतात. "काकांना पापी दे." अर्णव मागे सरतो, आईच्या ओढणीत तोंड लपवतो. "लाजतोय!" म्हणून सगळे हसतात आणि पापी वसूल होते. मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा असतो, घरी येणारा-जाणारा असतो, हे पोलीसही सांगतात आणि शाळेतल्या समुपदेशक बाईही. नको असलेल्या पापीला नको म्हणता येणं, ही सुरुवात तिथूनच करायची असते. त्या बाईंच्या व्याख्यानाला बाबा पहिल्या रांगेत बसले होते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक त्यांनी घरी येऊन अर्णवकडून घोकूनही घेतला. आता दुधावरून वाद झाला, की अर्णव फोनकडे बोट दाखवतो आणि बाबा मुकाट्याने पेला स्वतः पितात.

आणि स्कूटर. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट हवं, हे २०१९च्या दुरुस्तीपासून कायद्यातच आहे. अर्णवसाठी निळं, डायनोसॉरचं चित्र असलेलं हेल्मेट घेतलेलं आहे. ते स्कूटरच्या हुकाला लटकतं. अर्णव पुढे उभा राहतो, दोन्ही हात आरशांवर, आणि कपाळ सगळ्या वाऱ्याच्या पुढे. कुणी टोकलंच तर उत्तर तयार असतं, "चौकापर्यंतच जायचंय हो." चौकात सिग्नल आहे, उलट्या बाजूने येणाऱ्या रिक्षा आहेत आणि महापालिकेने पावसाळ्यापूर्वी खणून ठेवलेला खड्डा आहे. पण चौक बघितलेला आहे ना, रोजचा आहे. भीती वाटायला त्यात नवं ते काय?

परवा मला पाहायला मिळाला तो परवलीच्या शब्दाचा प्रसंग. शाळेतून न्यायला कुणीही आलं, तरी ठरलेला शब्द सांगितल्याशिवाय अर्णवने जायचं नाही, ही कल्पना बाबांचीच. कल्पना चांगली आहे, पोलीसही सुचवतात. फक्त बाबा तो दर सोमवारी बदलतात. परवा ते लवकर सुटले आणि हौसेने स्वतःच शाळेत गेले. मीही भाचीला आणायला तिथे उभा होतो. अर्णव फाटकाच्या आत, बाबा बाहेर.

"शब्द?" अर्णव म्हणाला.

"शेवगा."

"तो मागच्या आठवड्यातला."

बाबांनी डोकं खाजवलं. बायकोला फोन केला, ती मीटिंगमध्ये होती. बाईंना गळ घातली. बाई म्हणाल्या, "तुम्हीच लेखी दिलंय, शब्दाशिवाय सोडू नका म्हणून. ओळखीचा असला तरी, असंही लिहिलंय. दोनदा अधोरेखित." अर्णव हाताची घडी घालून उभा होता. बापाचा शिष्य शोभत होता.

तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या व्हॅनमधून काकांनी मान बाहेर काढली. "अहो अर्णवचे बाबा, मोरावळा!" आणि व्हॅनमधली बाकीची पोरं खिडक्यांतून एका सुरात ओरडली, "मो-रा-व-ळा!"

अर्णव सुटला. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यांनी खिशातून डायरी काढली, 'मोरावळा' खोडला, चारी बाजूंना पाहिलं, अर्णवला कोपऱ्यात नेलं आणि वाकून त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी पुटपुटले. अर्णवने गंभीरपणे मान डोलावली. मग दप्तर सावरत तो व्हॅनच्या खिडकीपाशी धावत गेला.

"काका, आता कढीपत्ता हं!"