टेकडीचे वारस

मिनियापोलिसमधल्या आमच्या शेजारच्या आजींचं आडनाव हौगेन. गेल्या फेब्रुवारीत, दाराबाहेर बर्फाचा ढीग साचलेला असताना, त्या एका हातात ताटली आणि दुसऱ्या हातात एक छापील कागद घेऊन आल्या. ताटलीत लेफ्सं होती. लेफ्सं म्हणजे बटाट्याची मऊ पोळी, लोणी-साखर लावून गुंडाळलेली. थोडक्यात, आमच्या लहानपणीची तूप-साखर-पोळी. कागद मात्र नॉर्वेतल्या एका चर्चच्या दप्तराचा होता, अठराव्या शतकातला. तिथल्या सरकारी अभिलेखागाराने अशी लाखो पानं फुकट पाहायला ठेवली आहेत, ही त्या देशाची दानत.

"तुमच्याकडे जुनी मोडी लिपी असते म्हणाला होतात ना? मग हे लागेल तुम्हाला."

मोडी माझ्या पणजोबांना येत होती. पण लेफ्सं खाऊन झाली होती, नाही म्हणवेना.

गॉथिक वळणाची अक्षरं. 'ई' आणि 'एन' वेगळे काढावेत असं पाद्रीबुवांना काही वाटलेलं दिसलं नाही. बारशाची तारीखही नाही, नुसतं 'त्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार'. म्हणजे आपली तिथीच, पंचांग घेऊन बसा. दोन तासांनी बाळाचं नाव लागलं : ओले. बाप हान्स, म्हणून बाळ ओले हान्सेन. पहिल्या मुलाला बहुधा आजोबांचं नाव, त्यामुळे ओलेचा मुलगा हान्स ओल्सेन, त्याचा मुलगा पुन्हा ओले हान्सेन. ओलेची बहीण मात्र हान्सदात्तर, आणि लग्न झालं तरी हान्सदात्तरच. हे ऐकून आमच्या स्वयंपाकघरातून "वा!" असा आवाज आला.

"पण यात हौगेन कुठाय?" आजी.

तीच तर गंमत. हौगेन म्हणजे टेकडी, आणि ते आडनाव नव्हतंच, तो पत्ता होता. टेकडीवरच्या शेतात राहतोस तोवर तू हौगेन. उद्या मैदानावरच्या शेतात गेलास की मोएन. घरजावई झालास तर सासऱ्याच्या शेताचं नाव लागलं, कोणी कपाळाला आठी घालत नसे. आमच्या 'कर'वाल्यांनी गाव सोडून सात पिढ्या झाल्या तरी गाव नावातून सुटत नाही; यांचं नाव बिऱ्हाडाबरोबर हलायचं. १९२३ साली कायदा आला की प्रत्येक घराण्याने एकच आडनाव धरावं आणि ते पुढे चालवावं. जे त्याआधीच अमेरिकेला आले, त्यांनी इथे येऊन जमेल ते धरलं. सख्ख्या दोन भावांत एक हान्सेन आणि एक हौगेन, असंही झालं.

नॉर्वेचे एक नोबेलविजेते कादंबरीकार घ्या. मूळचे क्नुद पेदेरसेन. हामसुंद नावाच्या शेतावर वाढले म्हणून हामसुंद. १८८५ साली मार्क ट्वेनवरचा त्यांचा लेख छापताना शेवटचा 'द' गळाला आणि त्यांनी तो परत मागितला नाही. जन्मभर हामसुन राहिले. आमचे मुद्रितशोधक उगाच घाबरतात.

आजींना नंतर त्यांच्या मुळाच्या भागातल्या 'बिग्देबोक'चे खंड मिळाले. आपल्याकडे कुलवृत्तांत असतो तसा हा शेतवृत्तांत. घराणं धरून लिहायचं नाही, शेत धरून लिहायचं : या शेतात अमक्या साली कोण आलं, कोण मेलं, कोणाला विकलं. एकाच हौगेनवर एकामागून एक तीन घराणी नांदून गेलेली, परस्परांशी काडीचं नातं नाही, आडनाव तिघांचंही हौगेन! आणि त्या एकाच भागात असल्या टेकड्या चार.

आता पंचाईत अशी, की सेंट पॉलमधल्या एका हौगेन कुटुंबाला आजी चाळीस वर्षं भाऊबंद समजून नाताळची शुभेच्छापत्रं धाडत होत्या. कागद जुळवले तेव्हा ते लोक निघाले नदीपलीकडच्या टेकडीचे.

"मग आता?" मी विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. "त्यांना कळवायची गरज नाही," म्हणाल्या. डिसेंबरात त्यांच्यासोबत टपाल कचेरीत गेलो, तर पाकीट हातात होतंच. परत येताना त्यांनी मला माझ्या आडनावाचं शेत विचारलं.