बापूरावांचा विंचू

एखादी गोष्ट करावी की न करावी याच्या विचारातच जे ती केल्याचे समाधान भोगतात, आणि त्या भोगात स्नेह्यासोबत्यांनाही सक्तीने वाटेकरी करून घेतात, असे एक गृहस्थ प्रत्येकाच्या नशिबी लिहिलेले असतात. आमच्या नशिबी बापूराव आहेत. जिल्हा कोषागारात इतरांच्या बिलांवर हरकती काढण्यात निम्मी हयात घालवलेल्या या सद्गृहस्थांनी, कानशिलांवरचे केस पांढरे होऊ लागल्यावर, हातावर टॅटू गोंदवावा की नाही असा प्रश्न उपस्थित केला. आणि तोही साध्या शाईचा नव्हे, तर दिवसाउजेडी दिसू नये व अतिनील किरणांखाली मात्र झळाळून उठावा असा. "म्हणजे कसं," ते मला म्हणाले, "कचेरीत कोणाला दिसायचा नाही, आणि असायचा तर असेलच!" बंड करावे, पण त्याची नोंद सेवापुस्तकात होऊ नये, ही आमच्या अवघ्या मध्यमवर्गाची जीवननिष्ठा इतक्या थोडक्या शब्दांत मी पूर्वी कधी ऐकली नव्हती.

या चिंतनाच्या सोयीसाठी बापूरावांनी एक विजेरी बाळगली आहे. नोटा पारखण्याची ती जांभळट प्रकाशाची चिमुकली विजेरी त्यांच्या खिशातून केव्हा बाहेर पडेल याचा नेम नसतो. चहाचे पैसे देताना ते नोटेवरचे क्रमांक उजळवून दाखवतात. मेजवानीत टॉनिक वॉटरच्या पेल्यावर झोत टाकून, त्यातल्या क्विनाइनमुळे ते कसे निळे चमकते यावर, वाढलेले ताट निवेपर्यंत प्रवचन करतात. अतिनील तेज शोषून तेच दृश्य प्रकाशाच्या रूपाने परत करणारी द्रव्ये जगात सर्वत्र भरलेली आहेत, हा त्यांचा सिद्धान्त शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु एका परिचितांच्या दहाव्याला, घाटावरच्या पत्र्याच्या अंधाऱ्या शेडखाली शोकाकुल आप्तमंडळी बसलेली असताना, त्यांनी हळूच विजेरी पेटवली आणि सर्वांचे शुभ्र सदरे एकदम निळसर उजळून निघाले, तेव्हा "धुण्याच्या पावडरीची करामत!" असे माझ्या कानात कुजबुजण्याची काही आवश्यकता होती, असे मला आजही वाटत नाही.

पुण्यातल्या एका टॅटूवाल्याकडे ते मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. तो मुलगा मोठा सोशिक. ही शाई उघड्या डोळ्यांना धड दिसत नसल्याने शेजारी अतिनील दिवा लावूनच सुई चालवावी लागते, साध्या शाईपेक्षा ती लवकर फिकी पडते, हे सर्व त्याने समजावून सांगितले. बापूरावांनी पिशवीतून फाईल काढली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्वचेत टोचण्यासाठी एकाही रंगद्रव्याला मंजुरी दिलेली नाही, ही हरकत पहिली. २०२२ पासून युरोपीय संघाने टॅटूच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले आहेत, सबब बाटलीवरील तपशील दाखवावा, ही दुसरी. गोंदवल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, ही तिसरी. वास्तविक बापूरावांनी उभ्या जन्मात रक्तदान केल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. मुलाने तिन्हींना उत्तरे दिली आणि शेवटी प्रामाणिकपणे सांगून टाकले की, जखम भरल्यावर पुसट व्रणासारखी रेघ क्वचित उन्हातही दिसते. बापूरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे धड गुप्त नाही, धड जाहीर नाही! साहेबांनी विचारलं तर कैफियत काय देऊ?" त्यांनी फाईलवर 'तूर्त तहकूब' असा शेरा मारला, आणि निघता निघता त्या मुलाच्या हातमोज्यांवर विजेरी रोखून शाईचे दोन हिरवे डाग त्याला दाखवून दिले.

चित्र कोणते काढायचे, हे मात्र ते सांगत नसत. फार छेडल्यावर एकदा बोलले. महाडकडच्या त्यांच्या गावी लाल विंचवांचा सुळसुळाट. रात्री अंथरूण घालण्यापूर्वी कानाकोपरा पाहावा लागतो. विंचवाचे अंग अतिनील प्रकाशात आपसूक हिरवेनिळे चमकते, म्हणून मुळात ही विजेरी घेतली होती. एका रात्री पडवीच्या भिंतीवर असा एक चमकता विंचू त्यांना दिसला, आणि खाली बसलेल्या नव्वदीच्या आजीच्या हाताकडे त्यांचे लक्ष गेले. तिथेही एक विंचू होता: लहानपणी काजळीने गोंदलेला, कातडीबरोबर सैलावत पसरलेला, पाय किती ते मोजता येऊ नयेत असा. त्यांनी त्याच्यावर झोत धरला. काजळी कसली चमकते! "फार दुखलं होतं का गं?" त्यांनी विचारले. आजी म्हणाली, "दुखलं की. पर मला कुनी इचारलं हुतं? दोघींनी हात धरला न् तिसरीनं टोचलं."

तेव्हापासून तो विंचू बापूरावांना आपल्या हातावर हवा आहे, आणि तो चमकणारा हवा आहे. हे ऐकल्यावर त्यांच्या त्या फाईलचा मला पूर्वीइतका राग येईनासा झाला, हे नाइलाजाने नमूद करतो. हात पुढे करावा की मागे घ्यावा, हे ज्याचे त्याने ठरवावे, हा अधिकार त्या घरात बापूरावांच्या पिढीला लाभला; तो मिळाल्या मिळाल्या एका बैठकीत खर्चून टाकण्यापेक्षा ते त्याचे व्याज खात बसले आहेत, एवढेच. त्या व्याजाचा भुर्दंड आम्हा मित्रांना पडतो, ही गोष्ट वेगळी. पण पुढची तारीख पडली की साक्षीला मी जाणार आहे, आणि तहकुबीवर माझी हरकत असणार नाही.