यकृताला प्रहर चुकवायला लावण्याची शास्त्रोक्त रीत

चयापचय, म्हणजे अन्नाचे ऊर्जेत व साठ्यात रूपांतर करण्याचा शरीराचा व्यवहार, बिघडविण्यासाठी काय खावे याची चर्चा पुष्कळ झाली आहे. कधी खावे याकडे मात्र साधकांचे दुर्लक्ष होते, आणि ग्वाल्हेरात तर ते अक्षम्यच म्हटले पाहिजे. हद्दू-हस्सू खाँ यांची गायकी जेथे घडली आणि १९१८ मध्ये भातखंडे यांच्या पुढाकाराने माधव संगीत महाविद्यालय जेथे उघडले, तेथे सकाळचा राग भैरव संध्याकाळी आळविणाऱ्याकडे शहराच्या लष्कर भागातली जाणकार मंडळी सखेद पाहतात. तीच मंडळी रात्री अकरा वाजता श्रीखंडाची वाटी पुढे ओढतात, तेव्हा कोणाची भुवई वर जात नाही. रागाला प्रहर आणि श्रीखंडाला मुभा, या सवलतीचा साधकाने पुरेपूर लाभ घ्यावा.

त्यासाठी आधी हे जाणावे की शरीरात घड्याळे अनेक असतात. मुख्य घड्याळ मेंदूत, सुमारे २०,००० चेतापेशींच्या पुंजक्यात असते व ते डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडाने लागते. यकृताचे घड्याळ मात्र बव्हंशी जेवणाच्या वेळेने लागते. निशाचर उंदरांना केवळ दिवसा अन्न दिले, तेव्हा त्यांच्या यकृताचे घड्याळ फिरले आणि मेंदूतले जागच्या जागी राहिले, असे २००० साली दाखविण्यात आले. साधकाचे ध्येय हीच फारकत होय. ग्वाल्हेरचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे सतरा मिनिटे मागे असतो, परंतु निसर्गाच्या एवढ्याशा विरोधाला न जुमानता रात्रीच्या जेवणाला स्वतःहून दोन-तीन तासांचा उशीर करावा.

नया बाजारातली बेडई, म्हणजे डाळीचे सारण भरलेली पुरी, आणि तिच्या जोडीची जिलबी सकाळी खाणे ही नवशिक्याची चूक आहे, कारण त्या वेळी इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचविणारे संप्रेरक, आपले काम चोख बजावते. अंधार पडल्यावर झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन वाढते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवण्यास आडकाठी करते. म्हणून तीच जिलबी रात्री खाल्ल्यास रक्तातली साखर अधिक चढते आणि श्रमाचे चीज होते. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरून मद्य व सिगार फिरविणारी चांदीची आगगाडी आजही पाहता येते. उशिरापर्यंत चालणाऱ्या सरबराईची एवढी प्रतिष्ठित परंपरा फार थोड्या शहरांच्या वाट्याला आली असेल.

अडचण येते ती शेजारच्या जैन कुटुंबाकडून. चौविहार पाळणारे, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य मानणारे हे लोक अहिंसेच्या विचाराने जेवतात आणि अनायासे घड्याळही सांभाळतात. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांनी वाद काढलाच, तर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील चाचणीचा दाखला द्यावा: १३९ स्थूल व्यक्तींपैकी ज्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळेत आहार घेतला, त्यांचे वजन वर्षअखेर इतरांपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक घटले नाही. दोन्ही गटांना मोजून कमीच खायला सांगितले होते, हा तपशील श्रीखंडाची दुसरी वाटी संपेपर्यंत उघड करू नये.