बनवाबनवी, पण फोर-केमध्ये

देवनारच्या आमच्या सोसायटीत टाकी गळते, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर दम खाते. पण रविवारची सभा पेटली ती गणपतीत दाखवायच्या सिनेमाच्या ‘पिक्चर क्वालिटी’वरून. सिनेमा कुठला, यावर वाद नव्हताच. ‘अशी ही बनवाबनवी’. १९८८ पासून महाराष्ट्राचं दुसऱ्या कशावर एवढं एकमत झालेलं नाही. प्रश्न होता, लावायचा कशावरून?

बी विंगच्या काकांकडे व्हीएचएस कॅसेट आहे. जेव्हीसीने हा प्रकार १९७६ साली जपानात आणला; तपशील जेमतेम २४० रेषांचा. काकांच्या मते त्यात ‘जिवंतपणा’ आहे. आहेच. मुंबईच्या पावसाळ्यांत टेपवर धरलेली बुरशी ती. हेडला लागली की पडद्यावर पाऊस, मग स्पिरिटचा बोळा, मग ट्रॅकिंगचं बटण आणि शेवटी काकूंचं “राहू द्या हो आता!”

ए विंग व्हीसीडीवाली. ३५२ बाय २८८ ठिपके, म्हणजे व्हीएचएसच्याच तोलाची, फक्त तोरा डिजिटल. चकतीवर ७४ मिनिटं मावतात, त्यामुळे ऐन रंगात कुणीतरी उठून दुसरी घालायची. पळापळ सुरू झाली की चेहऱ्यांचे चौकोन. ओरखड्यावर टूथपेस्ट. मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला काढली होती. सहा रुपये जादा टाकले की ७२० बाय ५७६, चौपट ठिपके! इतक्या स्वस्तात मध्यमवर्गाला वरच्या वर्गात पुन्हा कुणी नेलं नाही.

सेक्रेटरींचे चिरंजीव मात्र ‘फोर-केच्या खाली बघत नाही’ म्हणाले. हे गृहस्थ सिनेमा बघतात मोबाइलवर, दीडपट वेगाने, जेवताना. मार्च २०२० मध्ये नेटवर ताण नको म्हणून स्ट्रीमिंग कंपन्यांनी मोबाइलवरचं चित्र ४८०पीवर आणलं होतं. त्या दिवसांत चिरंजीवांनी तीन मालिका संपवल्या. ब्रही काढला नाही.

गंमत म्हणजे ३५ मिलिमीटरच्या मूळ निगेटिव्हमध्ये व्हीएचएस, व्हीसीडी, डीव्हीडी या सगळ्यांहून जास्त तपशील असतो. पण आपल्या हाती येते प्रतीची प्रत. फिकट कागदाची झेरॉक्स महागड्या मशीनवर काढली म्हणून अक्षरं उगवत नाहीत. हे कुणीतरी बोललं, तेव्हा त्यांना चहा आणायला पाठवण्यात आलं.

मग कळलं की भाड्याचा प्रोजेक्टर ८०० बाय ६०० चा आहे आणि पडदा म्हणजे अध्यक्षांच्या घरची चादर, मोरांसकट. शिवाय खिडक्या बंद ठेवाव्या लागणार, कारण १९२७ पासूनचं डम्पिंग ग्राउंड शेजारी. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं, तेव्हा धूर नासाच्या उपग्रहांनी टिपला. देवनारचं एवढं लांबून, एवढं स्वच्छ चित्र त्याआधी कुणी घेतलं नव्हतं.

तोडगा निघेना, तेव्हा गेटवरच्या भंगारवाल्याला लवाद नेमलं. त्याने चकत्या उचलून पाहिल्या. पंधरा-पंधरा ग्रॅमच्या, ब्ल्यू-रे असो की व्हीसीडी, प्लास्टिकचाच भाव. मग काकांचा व्हीसीआर हलवून म्हणाला, “यात तांबं निघेल. याचे जास्त देतो.”

काकांनी लगेच ठराव मांडला की व्हीएचएसची श्रेष्ठता इतिवृत्तात नोंदवावी.