जामखेडहून विमान सुटतं

आमच्या जामखेडला रेल्वे नाही, त्यामुळे विमानतळाची मागणी अजून कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात आलेली नाही. जिल्ह्याला विमानतळ आहे, नाही असं नाही. पण तो कोपरगाव तालुक्यात, काकडी गावाजवळ, शिर्डीच्या नावाने. जामखेड पडलं जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बीडच्या वेशीला टेकून. ज्यांच्या नावावरून नगरचं अहिल्यानगर झालं त्या अहिल्यादेवींचं चौंडी आमच्याच तालुक्यात, तेव्हा नाव आमचं आणि विमानतळ कोपरगावचा, अशी वाटणी झालेली आहे. इथून काकडीला विमान धरायला निघालेला माणूस आधी नगर गाठतो, तिथून पुढची गाडी धरतो आणि पोचेपर्यंत इतका आंबतो की विमानात बसल्याबसल्या झोपतो.

माझी सोय मी घरातच केली आहे. मागच्या खोलीत, धान्याच्या कणग्यांशेजारी.

मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर विमान चालवतो. गावात याला ‘सर गेम खेळतात’ असं म्हणतात. पालक भेटले की अदबीने विचारतात, “सर, आमच्या पोराला मोबाईलपासून कसं सोडवावं?” आणि त्यांची नजर माझ्या घराच्या मागच्या खिडकीकडे जाते. त्यांना कसं सांगावं की विमान वर नेणं म्हणजे काहीच नव्हे! ते त्यांचं पोरगंही दहा मिनिटांत करेल. वेग आला की दांडी मागे ओढायची, विमान आपसूक उठतं. उठण्यासाठीच ते बनवलेलं असतं. खरी विद्या त्यानंतरची. एक इंजिन बंद पडल्यावर सरळ राहणं, ढगात काही दिसत नसताना काट्यांवर भरवसा ठेवणं, आडव्या वाऱ्यात उतरणं, जागा मिळेपर्यंत आकाशात शिस्तीने घिरट्या घालणं. एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण. चार मिनिटांत एक फेरी. मुंबईवर गर्दी असली की मी अशा फेऱ्या घालत बसतो. सौभाग्यवती चहा घेऊन येते, पडद्याकडे बघते, म्हणते, “अहो, मघापासून तिथंच तर आहात.”

सामग्री साधी आहे. एक जुना कॉम्प्युटर, एक जॉयस्टिक आणि पायाखाली रडरची पॅडलं. टेबल म्हणजे आईचं पायाचं शिलाई मशीन. त्याचं डोकं आत वळवलं की वरून सपाट फळी मिळते. खालचं लोखंडी पॅडल मात्र जागेवरच आहे. त्यामुळे घाईत उजवा रडर दाबायला जावं तर कधीकधी विमानाऐवजी मशीनच चालू होतं आणि आई आतून विचारते, “कोण शिवतंय रे?”

गेम म्हणणाऱ्यांवर मी रागवत नाही, कारण इतिहास त्यांच्या बाजूचा आहे. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाने १९२९ साली पहिलं नावाजलेलं सिम्युलेटर बनवलं. त्याच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते तिथे आयतेच पडलेले. लिंकने त्या भात्यांवर एक खोटं विमान ठेवलं. हवा भरली की नाक वर, सोडली की खाली. म्हणजे आमच्या भजनी मंडळाच्या पेटीत जे आहे, त्याच्याच थोरल्या भावावर बसून माणूस पहिल्यांदा घरबसल्या उडाला. आणि हे यंत्र सुरुवातीला विकत घेतलं कुणी? करमणुकीच्या बागांनी. जत्रेतलाच माल. पुढे १९३४ साली अमेरिकेत टपाल नेण्याचं काम लष्कराच्या वैमानिकांवर आलं, खराब हवेत काटे वाचून उडायची सवय नसल्याने त्यांतले बरेच गेले, तेव्हा सैन्याने घाईघाईने लिंककडची सहा यंत्रं घेतली. आज मोठ्या विमान कंपन्यांच्या पायलटांना दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते. त्यांची यंत्रं अर्थात खोलीएवढी, पायांवर डुलणारी. माझ्या तासांपैकी एकही तास सरकार धरत नाही. व्यावसायिक परवान्याला २०० तास खऱ्या आकाशातले लागतात, आणि कणग्यांशेजारचं आकाश त्यात बसत नाही.

भौतिकशास्त्राच्या मास्तराला मात्र या खोलीत जे मिळतं ते वर्गात मिळत नाही. अकरावीला एक उदाहरण असतं: नदीला अमुक वेगाचा प्रवाह आहे, होडी समोरच्या काठावर नेमकी पोचायची तर नावाड्याने किती अंशात तोंड वळवावं? मी ते इतकी वर्षं शिकवतोय, पण आमच्या विंचरणा नदीत बहुतेक वर्षं होडी घालायला पाणीच नसतं. मुलं वहीत उत्तर लिहितात आणि चेहऱ्यावर ‘असेल बुवा’ असा भाव ठेवतात. आडव्या वाऱ्यात विमान उतरवणं म्हणजे तंतोतंत तेच उदाहरण. शिर्डीची २७ नंबरची धावपट्टी म्हणजे तोंड २७० अंशांना, पश्चिमेला. वारा ३०० अंशांकडून २० नॉट्सने येतोय. फरक ३० अंशांचा, साइन ३० म्हणजे अर्धा, म्हणून आडवा वारा १० नॉट्स. मग विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवून ठेवायचं आणि धावपट्टीकडे तिरकं तिरकं सरकत यायचं. चाकं टेकायच्या क्षणी रडर दाबून नाक सरळ. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी नावाड्यासाठी एकटाच टाळ्या वाजवल्या.

लाईटचं सांगायलाच हवं. या विमानाच्या प्रोग्राममध्ये बिघाडाची सोय असते. अमुक मिनिटांनी इंजिन बंद पडेल, तमुक काटा जाईल असं आधी लावून ठेवता येतं. मी ते कधी लावत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळी विद्युतयंत्रणा एकदम जाण्याचा सराव न मागता होतो, आणि तोही अगदी धावपट्टीच्या तोंडाशी. इन्व्हर्टरवर काय चालवायचं, आईच्या खोलीतला पंखा की दीडशे प्रवासी, याचा निर्णय घरात एकमताने झालेला आहे. त्या एकमतात मी नाही.

आमचे शेजारी तात्या निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत. माझ्या खोलीत येणारे आणि गेम न म्हणणारे ते एकटे. वाहन म्हटलं की त्यांना अंतर राहत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी पडदा नीट न्याहाळला आणि विचारलं, “सर, ह्याला हॉर्न कुठंय?”

“नसतो, तात्या.”

“आणि आरसे?”

“ते पण नाहीत.”

“मग मागनं कोन आलं ते कसं कळायचं?”

मी सांगितलं, ते खाली टॉवरमध्ये बसलेला माणूस सांगतो. तात्यांना हे पटलं. कंडक्टर असल्याशिवाय गाडी हलत नाही हा त्यांचा जन्माचा सिद्धांत. टेकऑफच्या वेळी सहवैमानिक ‘व्ही-वन’ म्हणतो हे कळल्यावर त्यांनी लगेच ओळखलं, “डबल बेल.” मी म्हटलं, थोडं जास्त. व्ही-वनच्या आधी काही बिघडलं तर थांबायचं. व्ही-वन झालं की इंजिन पेटलं तरी उडायचंच, कारण उरलेल्या धावपट्टीत विमान थांबत नाही. व्ही-वन म्हणजे लग्नाच्या पत्रिका छापून झाल्या. तात्या म्हणाले, “मग हे आपल्याला कशाला शिकवाय पायजे?”

एसटीचा त्यांचा अभिमान साधार आहे. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून सुटली ती नगरलाच आली. तात्यांच्या मते त्यानंतर या जिल्ह्यात वाहतुकीच्या क्षेत्रात नवीन असं काही घडलेलं नाही. काकडीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला, उद्घाटनाला राष्ट्रपती रामनाथ कोविंद आले होते, धावपट्टी अडीच किलोमीटरची, असं मी सांगितलं. तात्या म्हणाले, “अडीच किलोमीटरमंदी आमचे तीन रिक्वेस्ट स्टॉप होत्यात.”

तात्यांना आवडलं ते पडद्यावरचं जामखेड. आताची सिम्युलेटरं उपग्रहाच्या फोटोंवरून जग उभं करतात, घरं मात्र अंदाजाने बांधतात. अंदाज चुकतो. २०२० साली या प्रकारात लंडनच्या राणीचा बकिंगहॅम पॅलेस चक्क ऑफिसची इमारत होऊन बसला होता, आणि कुणीतरी नकाशात दोन मजल्यांऐवजी २१२ टाइप केल्यामुळे मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत आभाळाला टेकलेला सुळका उगवला. राणीची ही गत, तिथे आमच्या गल्लीचं काय? माझ्या पत्र्याच्या घराला तिथे गच्ची आहे. तात्यांच्या गोठ्याला बाल्कनी आली आहे. तात्यांनी ते घरी नेऊन दाखवता येईल का म्हणून विचारलं.

गच्चीवरून आठवलं. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने कांदिवलीला चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर खरंखुरं सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’त लोकांनी ते पाहिलं आणि २०२० साली ते धुळ्याला उडालंही. ही बातमी मी मोठ्या उत्साहाने घरात वाचून दाखवली. सौभाग्यवतीने शांतपणे ऐकून घेतली. म्हणाली, “आपल्याला पत्रा आहे.”

तर या सगळ्या विद्येत मला सर्वांत अवघड गेली ती गोष्ट पायांची नाही, हातांचीही नाही. ती म्हणजे गो-अराउंड. उतरता उतरता, धावपट्टी समोर दिसत असताना, ‘नाही जमत’ म्हणून पुन्हा वर जाणं. नियम स्पष्ट आहे. ढगांत असाल तर हजार फुटांवर, हवा स्वच्छ असेल तर पाचशे फुटांवर सगळं जागेवर हवं: वेग, चाकं, फ्लॅप, उतरण. धावपट्टीशेजारी चार दिवे असतात. दोन पांढरे दोन लाल दिसले तर उंची बरोबर, चारही पांढरे तर तुम्ही फार वर, चारही लाल तर फार खाली. मुंबईच्या २७ नंबरवर जुलैच्या पावसात यंत्राच्या खुणेवर खाली येत असाल आणि जमिनीपासून २०० फुटांवर धावपट्टी दिसली नाही, तर चर्चा नाही, जोर लावा, वर चला, पुन्हा या. जगातले उत्तम पायलट हे लाज न बाळगता करतात, आणि कंपनी त्यांना त्याबद्दल जाब विचारत नाही.

आता हे मराठी माणसाला सांगा! एवढं आलोय, तर होऊनच जाऊ द्या, हा आपला मूळ स्वभाव. मुलगी बघायला गेलेला माणूस नापसंती मनात ठेवून पोहे संपवतो, पुन्हा घेतो, आणि निघताना कळवतो म्हणतो. उंबऱ्यावरून कुणी परत फिरत नाही. सिनेमा रटाळ असला तरी तिकिटाचे पैसे वसूल होईपर्यंत बसतो. आमच्या गल्लीत एका बोअरला दोनशे फुटांवर पाणी लागलं नाही. खाली काळा दगड आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ‘आता गाडी आलीच आहे’ म्हणून आणखी दोनशे फूट मारली. नेमके दोनशे फूट! वैमानिकाच्या पोथीत ज्या आकड्यावर परत फिरायचं लिहिलंय, तिथून आम्ही नव्या उमेदीने सुरू करतो.

आणि परत फिरणं जमलं तरी ते रीतसर जमत नाही. आमच्याच तालुक्यातलं उदाहरण आहे. मार्च १७९५ मध्ये मराठे आणि निजाम खर्ड्याला भिडले. रात्री निजामाने माघार घेतली. त्याच्याबरोबरचा जनाना घाबरला म्हणून, असं सांगतात. माघार घ्यायला हरकत नव्हती. पण तो शिरला जवळच्याच खर्ड्याच्या भुईकोटात. मराठ्यांनी वेढा घातला, आत हाल झाले, तह करून सुटावं लागलं. गो-अराउंडमध्ये आधी उंची घ्यायची असते, बाकी सगळं नंतर. निजामाला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. वर्गात मी हे उदाहरण एकदा दिलं तर इतिहासाच्या सरांनी स्टाफरूममध्ये आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

मागच्या रविवारी तात्या म्हणाले, “सर, आज द्या माझ्याकडं.” पुण्याहून शिर्डी, हवा निर्मळ, विमान छोटं. तात्यांनी टोपी काढून मशीनवर ठेवली, खिडकीतून बाहेर पान थुंकून आले आणि बसले. रस्ताभर उत्तम चालवलं. नगर आलं तसा वेग कमी केला. मी विचारलं का, तर म्हणाले सवय. काकडीची धावपट्टी समोर आली तेव्हा चारही दिवे पांढरे होते आणि वेग भलताच.

“तात्या, फार वर आहात. गो-अराउंड करा.”

“आता?”

“हो, आत्ता. जोर लावा, परत वर.”

“सर, शिर्डी समोर दिसायली, लोकं बॅगा काढून उभी राहिली असतील. परत कुठं नेता?”

मी जॉयस्टिककडे हात नेला. तात्यांनी कोपराने तो बाजूला केला, हे त्यांनी तीस वर्षं घाटात कंडक्टरबाबत केलेलं असणार. अडीच किलोमीटरपैकी दीड किलोमीटर आम्ही हवेतच काढले. मग चाकं टेकली, तात्या दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे राहिले, खाली शिलाई मशीन खडखडायला लागलं, आतून आईने विचारलं, “कोण शिवतंय रे?” आणि विमान धावपट्टी संपवून, कुंपण ओलांडून, पडद्यावरच्या एका हिरव्या शेतात जाऊन शांत उभं राहिलं. सगळे काटे शाबूत होते.

“तात्या,” मी म्हटलं, “तुम्ही विमानतळाच्या बाहेर उतरवलंत.”

तात्यांनी टोपी घातली. “मुद्दाम. स्टँडमंदी नेलं की रिक्षावाले दुप्पट घेत्यात.”