दोन इंच वर, एक इंच खाली

पन्नाशीनंतर माणसाची उंची वाढत नाही, गाडीची वाढवता येते. थार कारखान्यातूनच जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर उभी असते. माझं ऑफ-रोडिंग म्हणजे कोथरूडचे खड्डे आणि सुट्टीत पवना धरणाकडची एखादी मुरमाड वाट, त्याला तेवढं उरून पुरतं. तरी मी दोन इंचांचं लिफ्ट किट बसवलं. "अहो, बरोबर शिडी देतात का?" बायकोने विचारलं. आईने पायरीकडे एकदा पाहिलं आणि रिक्षाला हात केला.

या उंचीची किंमत कोण भरतं, हे मला पवनेच्या चढावर कळलं.

पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद दोन आखूड शाफ्टांतून पोचते. शाफ्टच्या टोकांना सीव्ही जॉइंट असतात. बाहेरच्या जॉइंटात वाटीत बसवलेल्या पोलादी गोळ्या असतात; चाक वळो की वरखाली होवो, वेग एकसारखा राहतो. ही करामत फोर्ड कंपनीतल्या आल्फ्रेड झेपा या इंजिनिअरने १९२०च्या दशकात केली. बिचाऱ्याला माझी कल्पना नव्हती. थारचं पुढचं डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी, चॅसीला धरून असतं. गाडी उचलली की तेही वर जातं, चाकं मात्र जमिनीवरच राहतात आणि शाफ्ट कौलारू छपरासारखे दोन्हीकडे उतरते होतात. कोन वाढला की घर्षण वाढतं, जॉइंट तापतो, त्यावरच्या रबरी बुटाच्या, म्हणजे आवरणाच्या, घड्या एकमेकींवर घासतात. स्टीअरिंग टोकाला नेलं की त्यात वळणाचा कोन मिसळतो. लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त ओढीचे गिअर, लावली की चाकांवरचा टॉर्क खूप वाढतो. हे सगळं एकाच वेळी जुळवून आणायला प्रतिभा लागते, आणि ती माझ्याकडे आहे.

चढावर स्टीअरिंग पूर्ण वळलेलं, पुढचं एक चाक हवेत, मी लो रेंजमध्ये आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत. गरगरणारं चाक अचानक दगडाला टेकलं. सगळा धक्का जॉइंटने खाल्ला. "कटाक!" मित्र म्हणाला, खडा उडाला असेल. मला ते निदान फार आवडलं. परतीच्या वाटेवर प्रत्येक वळणाला टकटक होऊ लागली, तेव्हा मी गाण्यांचा आवाज वाढवला.

मिस्त्री गाडीखाली गेला आणि तिथूनच हसला. बूट फाटला होता, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला फासलं गेलं होतं, जॉइंटात चिखल होता.

"साहेब, आता डिफरेन्शियल खाली घेऊ."

"खाली?"

"इंचभर. म्हणजे शाफ्ट सरळ येतील."

वर नेण्याचे पैसे दिले होतेच, आता त्यातलंच थोडं खाली आणायचे वेगळे. वर मिस्त्रीने मागचा ॲक्सल दाखवला. तो सलग, दोन्ही चाकांना जोडलेला. स्प्रिंग उंच केल्या तरी त्याचा मधला गोळा जमिनीपासून तसूभर हलत नाही. त्यासाठी टायरच मोठे हवेत. थोडक्यात, लिफ्टने मागच्या बाजूला फक्त मला उंच बसवलं होतं.

"कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावता का?" त्याने विचारलं. मी अभिमानाने हो म्हणालो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांसमोर वळताना गाडी उड्या मारायची, त्याला मी ताकद समजत होतो. या गाडीत पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरेन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरतात आणि पीळ सुटतो. डांबरावर तो सुटत नाही, सांध्यांत साठतो. शेजारी टाळ्या वाजवत नव्हते, मागे सरकत होते.

शेवटी लिफ्ट इंचावर आणली, नवा जॉइंट आणि बूट बसवले. इतक्या कमी उंचीला डिफरेन्शियल हलवायची गरजच उरली नाही. आई आता पुढच्या सीटवर बसते.

तुम्ही लिफ्ट बसवणारच असाल, तर आधी गाडीखाली आडवं होऊन शाफ्टचा उतार बघा, आणि गाडीत बदल करण्याबाबतचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचा. बूट दर सर्व्हिसिंगला चाचपून घ्या. चाक पूर्ण वळलेलं असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. दोन इंचांचं एक किट स्वस्तात विकायचं आहे. घेऊ नका.